लाभाचा चिंचोका

गोपिकाने तो आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, वसंता काही गाणंच म्हणून राहिला. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. तोंडात धरला की मान आपोआप डोलायला लागायची. पाटीवर मांडला तर नुसते अकरा एक. आजोळी मौद्याकडे भाताची रोवणी आटोपली की बाया बांधावर ओळीनं उभ्या राहून पाठ ताठ करत, तसे. तिनं तांदूळ पाखडता पाखडता त्याच्यावर ओवी रचली होती:

एकीशेजारी गं एक, उभ्या अकरा या जणी
हात हातात गुंफले, फोडू शकेना गं कोणी

वसंता हसला होता. तेव्हा तो हसायचा.

नागपुरात, इतवारीत, चंपतरावांचं धान्याचं दुकान होतं. दुकानामागे घर, मध्ये फरशीचं अंगण, अंगणापलीकडे वसंताची खोली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोपिका थोरली, मॅट्रिक होऊन घर सांभाळायची. वसंता धाकटा, गणित घेऊन बी.एस्सी.ला बसलेला. सन एकाहत्तर चालू होतं. आणि त्या घरात तीन माणसांखेरीज एक चौथं कुणी राहायला आलं होतं, तो हा आकडा.

सुरुवात गोड होती. वसंता तिला चुलीपाशी बसून सांगायचा, "ताई, काही आकडे फुटते, काही फुटत नाही. हा पाय, एकशे अकरा. तीन गुणिले सदतीस. फुटला. दोन एकांचा अकरा, तो नाही फुटत." मग त्यानं सात एकांची रांग घेतली. कित्येक दिवस तिच्यामागे लागला आणि एका दुपारी खडूनं पांढरे झालेले हात घेऊन स्वयंपाकघरात धावत आला. "फुटला वं ताई! दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास!" एवढा मोठा सणच झाला म्हणून तिनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला होता.

मग आली अकरा एकांची रांग. ती कोणत्या आकड्यानं पुरी भागते, का कोणत्याच नाही, एवढंच ठरवायचं होतं. वसंतानं एक वाट शोधली होती. म्हणाला, या रांगेला फोडणारा जो कोणी मूळ, म्हणजे स्वतः न फुटणारा, आकडा असेल, तो बावीसच्या पटीत एक मिळवूनच आलेला असणार. बाकी कोणाला विचारायचीच गरज नाही. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव, असं जात राहायचं. आणि एक लाख पाच हजारांच्या जरा पुढपर्यंत कोणीच भेटला नाही, तर रांग अभंग.

तिला त्यातलं अर्धंच कळलं. पण एक गोष्ट मनात पक्की बसली.

"म्हणजे आहेरासारखं," ती म्हणाली. "वर एक ठेवायचा. म्हणजे वाटणी होत नाही."

"वर एक ठेवला म्हणून आकडा अभंग राहते असं नाही ताई. एक्कावन पाय ना. सतरा त्रिक एक्कावन."

"अगं माय! मंग लोक लग्नात एक्कावन काहून देते?"

"भागून पाहत नाही म्हणून."

दोघं खूप हसली होती.

परीक्षेच्या दिवशी ते हसू गेलं. वसंतानं पहिला प्रश्न सोडवला, उत्तर आलं, आणि त्याला वाटलं, मागं कुठंतरी चुकलं असेल. त्यानं पुन्हा केला. तेच उत्तर आलं. पण पुन्हा करताना चुकलं असेल तर? पेपर गोळा करणाऱ्या मास्तरांनी त्याच्या हातून कागद ओढून घेतला तेव्हा तो पहिल्याच प्रश्नावर होता. घरी आला, खोलीत गेला आणि पाटी घेऊन अकरा एकांपुढे बसला. तेवीसनं भागलं. बाकी उरली. फडक्यानं पुसलं आणि पुन्हा तेवीसनं भागलं.

गोपिका दाराशी ताट ठेवायची. "वसंता, काल कुठवर गेला होता?"

"एकशे नव्याण्णव."

"न आज?"

"तेवीस."

"काहून रे?"

"मागं कुठी चुकलं असन तर पुढचं सगळंच खोटं ना, ताई."

त्याची नखं खडूनं खाल्ली होती. रांगेतले एक तो पुटपुटत उतरवायचा, एक, एक, एक, एक. आणि तो आवाज अंगणभर विहिरीतल्या रहाटासारखा करकरत राहायचा. मौद्याकडून गोपिकाला पाहायला पाहुणे आले होते, त्यांनीही तो ऐकला. पाहुण्यांतल्या बाईनं हळूच विचारलं, "कोणी आजारी आहे का?" पोह्यांच्या बशा अर्ध्याच राहिल्या. निरोप आलाच नाही.

त्यानंतर चंपतरावांचा पुतण्या कवडू आला. तो सावनेरकडे कोळशाच्या खाणीवर जीप चालवायचा. त्यानं देवाच्या एका ठाण्याची गोष्ट काढली. नदीपल्याड एक महाराज आहेत. डोकं फिरलेल्यांना चिंचेच्या झाडाला साखळीनं बांधून ठेवतात. उतरलं म्हणजे सोडतात.

"न नाही उतरलं तर?" गोपिकानं विचारलं.

"उतरते, बाई. आज ना उद्या उतरतेच." कवडू चहा बशीत ओतत म्हणाला. "काकाजी, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीले, जीप घेऊन येतो. त्या दिवशी लोक इडापिडा बाहेर काढतेच."

"माहा भाऊ पिडा आहे का गा?"

"मी कुठी म्हणलं वं? मी जीपचं म्हणून राहिलो. त्या दिवशी सुटी भेटते मले."

चंपतराव धान्य मोजायच्या पायलीच्या काठावरून अंगठा फिरवत बसले. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या दुकानासमोरून जाताना लोक आता पाऊल हळू करत, कान देत. ते उठून वसंताच्या खोलीच्या उंबरठ्यावर गेले.

"वसंता, हा आकडा एकदाचा सुटला का तू उठशीन?"

"उठीन, बाबा."

"कोणताही निकाल लागो?"

"कोणताही. पण खरा लागला पायजे."

"मंग मारबतीपर्यंत. त्याच्या पुढं माह्याच्यानं होत नाही, पोरा."

गोपिका चुलीपाशी ऐकत होती. पोळा जवळ आला होता. वसंता तेवीसवर होता. त्याची वाट एक लाख पाच हजारांपर्यंत जायची होती, आणि ज्याला पहिल्या पायरीवरून पाय उचलवत नाही तो डोंगर कसा चढणार? त्या दुपारी तिनं ठरवलं, पुढं आपण जायचं.

भागाकार तिला येत होता. वसंता पाटीवर करायचा ते ती अंगणातल्या फरशीवर करू लागली. दुपारी खडूनं मांडायचं, संध्याकाळी सडा टाकताना धुऊन काढायचं. आकडा लिहून ठेवायची गरजच नव्हती, कारण वरून खाली उतरणारा दर वेळी एकच. किती एक उतरवले, एवढी खूण पुरे. त्यासाठी तिनं एका वाटीत अकरा चिंचोके ठेवले. एक उतरवला की एक चिंचोका वाटीबाहेर. वाटी रिकामी झाली की भागाकार संपला. तीन, सात, तेरानं फुटणारे आकडे ती आधीच गाळून टाकायची, जसे डाळीतले खडे. उरलेल्यांना एकेक करून रांगेपुढे उभं करायचं. हजार गेला, दोन हजार गेले. कोणालाच ती रांग फोडता आली नाही. तिचे गुडघे फरशीनं सोलले. पण तिला हेही कळलं की या कामात एक थंडावा आहे, उन्हातून येऊन रांजणाला पाठ टेकल्यासारखा. वसंता या थंडाव्यातच तर हरवला नसेल?

शेजारच्या यमुताई एकदा सूप मागायला आल्या आणि तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी गोपिकाला वाटी रिकामी सापडली.

"यमुताई, माहे चिंचोके कुठी गेले वं?"

"तुहे होते का? मी म्हणलं सांडले कोणाचे. भाजून खाल्ले बाप्पा. तोंडात दोन दाढा राहिल्या, त्याइले काही काम नको का?"

"अकरा होते!"

"दहाच लागले मले. एक किडका होता."

गोपिकाला रागावता येईना. तिनं चिंचेच्या बरणीतून नवे चिंचोके काढले आणि मोजायला बसली. हाताला जी सवय होती त्याच सवयीनं मोजले. चंपतरावांच्या दुकानाची एक चाल होती, त्यांच्या बापापासूनची. रास मोजायला बसलं की पहिली पायली 'लाभ' म्हणून देवाच्या टोपलीत टाकायची. ती गिऱ्हाइकाच्या मापात धरायची नाही. मग एक, दोन, तीन. या घरातलं लेकरू बोलायला लागलं की मोजणं असंच शिकायचं. गोपिकानं पहिला चिंचोका बाजूला ठेवला, "लाभ." मग एक, दोन, तीन, अकरापर्यंत. यमुताई मध्येच म्हणाल्या, "काय वं, आकड्याशी लगन लावतं का आता?" गोपिका हसली, आणि फरशीवरचे सगळे चिंचोके तळहातानं वाटीत लोटले.

पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या, मेढ्या, खोचल्या होत्या. पुरण शिजत होतं. बाहेर तोरणाखाली बैल उभे राहायला निघाले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जात होता. पुरण निवेपर्यंत वेळ होता म्हणून गोपिका फरशीवर बसली. पाळी नऊ हजार नऊशे एकची होती.

पहिल्या पाच एकांत एकदा गेला, बाराशे दहा उरले. एक उतरवला. पुन्हा एकदा गेला, बावीसशे उरले. मग दोनदा, दोनदा, दोनदा, दोनदा. मग एकदा. नऊशे नव्वद उरले. वाटीत एक चिंचोका होता. तिनं तो उचलला, नऊशे नव्वदच्या शेजारी शेवटचा एक मांडला, आणि तिच्या हातातून खडू गळाला. समोर ९९०१ उभा होता. तोच तो. आरशात पाहिल्यासारखा.

बाकी शून्य.

वर भागाकार पाहिला: एक एक, दोन दोन, दोन दोन, एक एक. फुगडीला जोड्या उभ्या राहाव्यात तसा. इतकं सुंदर खोटं असूच शकत नाही, असं तिला वाटलं. ती खडूच्या हातानंच दुकानात धावली.

"बाबा, फुटला! आकडा फुटला!"

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग देवाच्या टोपलीकडे. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तसेच ठेवले. मग गल्लीत जाऊन ज्याला त्याला सांगत सुटले. यमुताईंनी ओसरीवरून विचारलं, "काय फुटलं म्हणता, चंपतराव? मडकं?"

"आकडा फुटला आमचा!"

"बरं झालं बाई. लई दिवसाचा होता."

संध्याकाळी चंपतराव स्वतः पुरणपोळीचं ताट घेऊन वसंताच्या खोलीत गेले. "ऊठ, पोरा. तुह्या बहिणीनं फोडला."

वसंतानं मान वर करून विचारलं, "कोणत्या आकड्यानं?"

गोपिकानं दारातून सांगितलं. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि तिथंच थांबली. ताट तसंच ठेवून तो अंगणात आला. चंपतरावांना वाटलं पोरगा उठला, ते डोळे पुसत दुकानाला कुलूप लावायला गेले. गोपिकानं चिंचोके परत वाटीत टाकले. वसंतानं एकेक बाहेर काढत फरशीवर भागाकार मांडला. पुसला, पुन्हा मांडला. मग तो फार हळू बोलला.

"ताई, नऊशे नव्वद उरते."

"आणखी एक उतरव ना. एक राहिला आहे."

"अकरा झाले."

"वाटीत आहे पाय एक!"

दोघांनी वाटीत पाहिलं. मग गोपिकानं बाहेर काढलेले चिंचोके मोजले. अकरा होते. आणि वाटीतला तो, बारावा, गुळगुळीत, निरागस. तिला सगळं आठवलं: यमुताई, बरणी, 'लाभ', आणि सगळे एकत्र लोटणारा आपला तळहात. देवाच्या टोपलीतला दाणा गिऱ्हाइकाच्या राशीत पडला होता. तिनं अकरा जणींची नाही, बारा जणींची रांग फोडली होती.

मेढ्यांची पानं वाऱ्यानं वाजली. ती भावाचा हात धरून म्हणाली, "वसंता, हे कोणाले समजते? तू हो म्हण. फुटला म्हण. उद्या मारबत होऊन जाऊ दे, कवडू जीप घेऊन वापस जाऊ दे. मंग आपण दोघं मिळून खरं शोधू. तुले त्या झाडाले बांधलेलं मले पाहवणार नाही रे."

तो तिच्याकडे पाहत होता, पण त्याला भलतंच काही दिसत होतं. "चूक तुह्या हातून झाली?"

"हो."

"न तुले समजली नाही?"

"नाही ना."

"आता समजली. आता तू झोपशीन कशी?"

"फरशी धुतो न झोपतो," ती म्हणाली.

वसंता त्या उत्तराकडे लहान मूल नव्या खेळण्याकडे पाहतं तसा पाहत राहिला. पण हो तो म्हणाला नाही.

सकाळी गल्ली ढोलांनी भरून गेली. मोठ्या रस्त्यानं पिवळ्या मारबतीचा पुतळा निघाला होता, मागं काळीचा, मागं बडग्यांचे. लोक घसा फोडून ओरडत होते. यमुताईंनी दारातली मेढी उपटून रस्त्यावर फेकली. "खोकला, पडसं, सुनेची जीभ घेऊन जा गे मारबत!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वसंताचे आकडे घेऊन जा गे मारबत!" गल्ली हसली. खोलीच्या खिडकीआड वसंतानं कानांवर हात ठेवले.

कवडू घामानं निथळत आला. जीप त्याला मिरवणुकीपल्याड ठेवावी लागली होती. चंपतरावांनी त्याला ताटावर बसवलं. "तू जेवून जाय, बापा. न्यायचं काम राहिलं नाही. आकडा सुटला. पोरगा काल संध्याकाळी आपल्या पायानं अंगणात आला."

"नाही सुटला, बाबा," वसंता दारातून म्हणाला.

कवडूचा घास हातात राहिला. गोपिका मान हलवून नको नको म्हणत होती, पण वसंताची नजर बापावर होती. "माप चुकलं. एक जास्त पडला. नऊ हजार नऊशे एकनं नाही फुटत ते."

"कोणाचं माप चुकलं?"

"माह्यं," गोपिका म्हणाली.

चंपतरावांचा चेहरा विझला. "तू तर खरं बोलतं म्हणून सांगत फिरलो मी साऱ्या गल्लीत. दाखव. कसं मोजलं तसं मोज."

ती त्यांच्यापुढे बसली. बरणीतून मूठभर चिंचोके फरशीवर ओतले, पहिला उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "लाभ."

दुसरा उचलायच्या आत चंपतरावांनी तिचा हात धरला. हा शब्द त्यांनीच तिच्या जिभेवर ठेवला होता, ती पायलीएवढी होती तेव्हा.

कवडूनं खाकरून विचारलं, "काकाजी, मंग निघायचं का कसं?"

"कवडू, रास मोजताना माप चुकलं तर आपण काय करतो?"

"पुन्हा मोजतो."

"न हा परीक्षेपासून काय करून राहिला?"

"पुन्हा मोजून राहिला," कवडू म्हणाला, आणि आपणच काहीतरी वावगं बोललो की काय, अशा नजरेनं त्यानं ताटात पाहिलं.

"बाबा, मले थांबता येत नाही." वसंता भिंतीला टेकला होता. "मले समजते, बरोबर आलं. डोयानं दिसते. पण हात ऐकत नाही."

चंपतराव उठून त्याच्यापाशी गेले. किती तरी महिन्यांनी त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "दुकानाची चाल ऐक. पुन्हा मोजायचं ते एकदा. दुसऱ्यांदा नाही, कितीही मन खाल्लं तरी. अन् ज्यानं पहिलं मोजलं त्याच्या हाती पायली द्यायची नाही. दुसऱ्यानं मोजायचं. तू एकटाच मोजतं, एकटाच पडताळतं, म्हणून तुही रास उठत नाही. गोपी मोजन. तू पडताळशीन. एकदा."

"न माह्यानं नाही राहवलं तर?"

चंपतराव कवडूकडे वळले. "संक्रांतीपर्यंत पाहतो. त्याच्यानंतर तू म्हणशीन तसं."

"म्हणजे जीप रिकामी नेऊ?"

"ह्या मेढ्या घेऊन जाय. गावाबाहेर टाकून दे."

मग बहीणभाऊ अंगणात बसू लागली. ते सोपं नव्हतं. ती मोजायची, तो पडताळायचा. मग ती ओलं फडकं उचलून घ्यायची, आणि तो त्या फडक्याकडे तहानलेल्यासारखा पाहायचा. कधी तिचं मनगट इतकं आवळायचा की बांगडीचा वळ उठायचा. दिवाळीच्या सुमारास दोनदा तो खोलीत जाऊन बसला आणि आतून पुन्हा तो रहाट करकरला. चंपतराव दुकानातून उठून येत, दार न वाजवता नुसते बाहेर उभे राहत. मग जात. पण बारा चिंचोक्यांवर मोजलेले आकडे पुन्हा मोजून झाले, नऊ हजार नऊशे एक मागं पडला, आणि पंधरा हजार, आणि वीस हजार. चिंचोके अकराच होते. यमुताई येता-जाता ओरडून मोजायच्या, "पाय वं, बारा तर नाही ना झाले?"

पौषातल्या एका दुपारी ऊन अंगणात मांजरासारखं पसरलं होतं. पाळी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासची. गोपिकानं भागलं. शेवटचा चिंचोका उरला तेव्हा बाकी एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी होती. त्याच्या शेजारी तिनं एक मांडला, आणि नवाच्या पाढ्यानं तो आकडा पुरा उचलला गेला. खाली काही उरलं नाही.

ती ओरडली नाही. तिनं बाहेरचे चिंचोके मोजले, आणि जन्मात पहिल्यांदाच 'लाभ' न म्हणता, 'एक' पासून. अकरा झाले. मग तिनं आपली सगळी मांडणी पुसली, चिंचोके वाटीत टाकले आणि हाक मारली, "वसंता, तुही पाळी."

तो मांडत गेला. तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. पाच, एक, तीन, दोन, तीन. वाटीत एक चिंचोका. त्यानं तो काढला, एक मांडला, नऊ लिहिला, आणि थांबला.

फरशीवर शून्य होतं.

पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस, आणि एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. अकरा जणींची रांग दोन ठिकाणी तुटून पडली होती. त्या तुकड्यांना ना ताल होता, ना डौल. गोपिकाला आपली ओवी आठवली आणि उगाच गलबलून आलं. हात सुटले होते. तिनंच सोडवले होते.

"फुटला," वसंता म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, नुसती भीती होती. "ताई, फडकं दे."

"दुकानाची चाल काय?"

"एकदा. पण हा खरा आहे, ताई. हाच खरा आहे, म्हणून तर पुन्हा पाहू दे. एवढ्याच वेळा."

ती फडकं घेऊन उभी राहिली. तिला वाटलं, द्यावं. बापानं सांगितलेलं विसरावं आणि द्यावं. तेवढ्यात दुकानातून चंपतरावांचा आवाज आला. तुरीची रास मोजत होते. "लाभ... एक... दोन..." गोपिकानं फडकं दोरीवर टाकलं, हौदातून बादली भरून आणली आणि त्याच्या हातात दिली.

"सड्याची वेळ झाली. फरशी धू."

बादली धरून तो किती वेळ उभा होता कोण जाणे. ऊन भिंतीवर चढलं. मग त्यानं डोळे मिटले आणि ओतलं. पांढरे आकडे फरशीवरून मोरीकडे निघाले, आधी शून्य, मग नऊ, मग एकामागून एक.

"शेवटी नवानंच गेला ना, ताई?" डोळे न उघडता त्यानं विचारलं.

"हो."

ती खराट्यानं पाणी लोटत होती. थोड्या वेळानं पुन्हा, "नवानंच ना?"

"हो, वसंता."

दुकानातलं मोजणं थांबलं होतं. चंपतराव अंगणाच्या दाराशी येऊन उभे होते, हातात पायली तशीच. वसंतानं रिकामी बादली खाली ठेवली. त्याचे ओठ पुन्हा हलले, पण या वेळी आवाज बाहेर आला नाही. आणि गोपिकानं, न ऐकताच, तिसऱ्यांदा हो म्हटलं.